व्हॉल्वच्या घरातलं कुंकू

ताडकळसला यष्टीतून उतरलं की समोरच पत्र्याचं एक दुकान दिसायचं. पाटीबिटी काही नव्हती. दारावर एक फुटका भोंगा तारेनं टांगलेला होता, तीच पाटी. आत दत्तराव मिस्तरी. बाजारच्या दिवशी माणसं काखोटीला रेडिओ मारून यायची, फळीवर ठेवायची आणि विचारायची, "काय झालं असंल हो ह्याला?"

दत्तराव मान वर न करता म्हणायचा, "मला काय ठाव?"

"अहो, तुमी मिस्तरी न्हाई का?"

"हाय की. पर उघडलाय का म्या? उघडल्यावर सांगतो."

नवखा माणूस चिडायचा. जुनी गिऱ्हाइकं हसायची. गावात तर त्याची थट्टाच झाली होती. बायकोनं विचारलं भाजी कशी झाली, तर दत्तराव म्हणतो, आधी झाकण काढ. पण त्याच्या हाताखालून गेलेला सेट दोन-दोन वर्षं परत येत नसे, हेही तितकंच खरं. त्यामुळे थट्टा करणारेच आपले रेडिओ घेऊन त्याच्याकडं यायचे.

पुढं पुढं ही खोड वाढतच गेली. कुणा माणसाबद्दल विचारलं, अमक्याचा पोरगा सोयरिकीला बरा का, तमक्यानं खरंच बांध कोरला का, तरी दत्तरावचं एकच. "मला ठाव न्हाई बापा." लोक म्हणायला लागले, दुकान चालायला लागल्यावर माणूस घमेंडी झाला. दुसरीही एक गोष्ट लोकांच्या डोळ्यात यायची. खांडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, बाकी सगळे दुकानाच्या आत, हत्यारांपुढं नारळ फोडायचे. दत्तराव नारळ घेऊन रस्ता ओलांडायचा, पलीकडच्या लिंबाच्या बुडाला फोडायचा, हात धुवायचा, पुसायचा आणि मग परत यायचा. ह्या दोन्हींमागं गोष्ट एकच आहे. ती आबासाहेबांच्या मशीनची.

दत्तराव धनगराच्या घरचा. बाप मेंढरामागं गेला, आजा मेंढरामागं गेला. ह्याला मात्र परभणीत एका रेडिओवाल्या उस्तादाच्या दुकानापुढं उभं राहायचं वेड लागलं आणि शेवटी उस्तादानंच त्याला आत ओढलं. तिथं त्यानं सहा वर्षं काढली. उस्ताद निजामाच्या वक्ताला हे काम शिकलेला. बोलायचा दखनीत, मारायचा कुठल्याही भाषेत. सेट आला आणि कुणी आगाऊपणानं म्हणालं, "कंडेन्सर गया होगा," की उस्तादाचा पंजा पाठीत बसायचा. "डिब्बा खोल्या क्या? नै ना? तो चुप बैठ!" दत्तरावच्या पाठीत तो पंजा किती वेळा बसला असेल त्याची गणती नाही. पण जे शिकला ते पक्कं शिकला.

दुसरी एक सवय त्याची स्वतःची होती. सेट दुरुस्त झाला की झाकणाच्या आतल्या बाजूला तो शिसपेन्सिलीनं लिहायचा: कधी उघडला, काय बदललं. कुणाला दाखवायला नव्हे. पुन्हा आला तर आपल्यालाच कळावं म्हणून.

आता आबासाहेब. ताडकळसपासून दोन कोसांवर त्यांचं गाव. नदीच्या अंगाची काळी जमीन, विहिरीला बारमाही पाणी. शिक्षण हैदराबादेत उर्दूतून झालेलं, त्यामुळे बोलण्यात 'दर्खास्त', 'तकरार', 'बंदोबस्त' असले शब्द यायचे. पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी एका जहागीरदाराचं सामान लिलावात निघालं. दुसऱ्यांनी पलंग घेतले, झुंबरं घेतली. आबासाहेबांनी हे तबकड्या वाजवायचं मशीन घेतलं. दोन माणसांनी उचलावी एवढी सागवानी पेटी, समोर पितळी कड्यांचे, पिळून फिरवायचे पाच कान, आणि कपाळावर इंग्रजीत 'हाय-फाय' असं लिहिलेलं. आत काचेचे व्हॉल्व. चालू केलं की ते आधी मिनिटभर तापत, मग आवाज येई. आणि आवाज असा की सनई वाजवणारा दम घेतो तेसुद्धा ऐकू येई.

गोष्ट घडली तेव्हा घरोघर टेपरेकॉर्डर आले होते. व्हॉल्वचं काम जाणणारा त्या पट्ट्यात दत्तराव सोडला तर माणूस उरला नव्हता. आबासाहेबांचे गुडघे धरलेले, बाहेर जाणं कमी. रोज दिवेलागणीच्या आधी ओसरीवर मशीन लावायचं, तबकडी ठेवायची आणि डोळे मिटून बसायचं, एवढाच त्यांचा शौक.

उन्हाळ्यात त्या तबकडीला आणखी एक ऐकणारा असायचा. येडबा. मेंढरं घेऊन फिरणारा माणूस, दत्तरावच्या बायकोचा चुलतभाऊ. रबी निघाली की आबासाहेबांच्या मोकळ्या रानात तो मेंढरं बसवायचा. मेंढरांच्या लेंड्यांनी रान खतून निघायचं, आणि त्या बदल्यात येडबाला बसायला जागा आणि विहिरीवरच्या हाळाचं, म्हणजे जनावरांच्या दगडी कुंडाचं, पाणी. अकरा उन्हाळे असंच चाललं होतं. संध्याकाळी मेंढरं वाघुरीत, जाळ्याच्या कोंडाळ्यात, घातली की येडबा ओसरीच्या खालच्या पायरीवर येऊन बसायचा, काठी आडवी ठेवायचा आणि ऐकायचा. आबासाहेबांनी त्याला कधी बस म्हटलं नाही, ऊठही म्हटलं नाही.

शिमगा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. सनई लावलेली होती. आबासाहेबांना वाटलं, आवाज आज जरा दबलाय. गुडघ्यामुळं उठणं जिवावर आलं. म्हणाले, "येडबा, तो मधला कान पिळ रे जरा."

अकरा वर्षांत येडबानं त्या मशीनला बोट लावलं नव्हतं. त्यानं धोतराला हात पुसला, पायरी चढून वर आला, कान धरला आणि हलकेच पिळला. फट्ट झालं. जाळीतून धूर आला. सनई बंद.

दुसऱ्या दिवशी दत्तरावला बोलावणं गेलं. तो सायकलीवर आला तेव्हा ओसरीवर चारपाच माणसं जमलेली होती आणि येडबा पायरीखाली उन्हात उभा होता. आबासाहेब रात्रभर झोपले नव्हते, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"दत्तराव, ह्या गड्यानं कान पिळला अन् मशीन जळालं. मला एक सांग. आवाज लय वाढवल्यावर जळतं का न्हाई?"

दत्तरावनं पेटीच्या जाळीला नाक लावलं. जळका वास होता. हातात पेचकस होता, पेच एकही काढलेला नव्हता. एरवी तो म्हणाला असता, मला काय ठाव, उघडू द्या. पण आबासाहेब बघत होते. ओसरीवरची मोठी माणसं बघत होती. आणि ओसरीवर आबासाहेबांच्या पाटाशेजारी दत्तरावला सतरंजी टाकलेली होती, ती त्याच्या बापाला ह्या घरात कधी मिळाली नव्हती. माणसाला जाणतेपण दाखवायची हौस असतेच. तो म्हणाला, "एकदम वाढवला तर व्हॉल्वावर ताण येतो म्हना."

एवढंच म्हणाला तो. म्हणताना त्याला वाटलं, हे आपण सगळ्याच मशीनबद्दल म्हणतोय, ह्याच मशीनबद्दल नव्हे.

आबासाहेब येडबाकडं वळले. "ऐकलंस? मिस्तरी म्हनतोय. उद्याच्याला मेंढरं उठव माझ्या रानातून. हाळावर दिसायचं न्हाई."

येडबा म्हणाला, "मालक, म्या एवढंसंच पिळलं बगा," आणि अंगठा-बोटाची चिमूट करून दाखवली. कुणी बघितलं नाही. त्यानं दत्तरावकडं पाहिलं. दत्तराव पेटीची वायर गुंडाळत होता. ती गुंडाळायला त्याला बराच वेळ लागला.

मशीन बैलगाडीतून ताडकळसला आलं. दत्तरावनं फळी रिकामी केली, पेच काढले, पेटी सरकवली आणि लोखंडी सांगाडा उताणा केला. धूळ, एक वाळलेला पतंग, जळून काळा झालेला फ्यूज. फ्यूज बदलून सरळ लाइटला लावेल तो दत्तराव नव्हे. त्याच्याकडं लाकडी पाटीवर बसवलेला शंभराचा बल्ब होता. आजारी मशीनला वीज द्यायची ती ह्या बल्बातून. मशीनमध्ये कुठं शॉर्ट असला तर बल्ब लखलखतो, मशीन वाचतं. नसला तर बल्ब मंद होतो.

सगळे व्हॉल्व काढून त्यानं बटण दाबलं. बल्ब एकदा चमकला आणि मंद झाला. म्हणजे मोठा ट्रान्सफॉर्मर जिवंत. तिथं तो मोठ्यानं 'हां' म्हणाला, कारण तो जळाला असता तर विषयच संपला होता. मग एकेक व्हॉल्व बसवत गेला. तीन बसले, बल्ब मंदच. दोन मोठ्या व्हॉल्वांपैकी उजवा बसवला, तरी ठीक. डावा बसवला आणि बल्ब हळूहळू पेटायला लागला. डाव्या व्हॉल्वच्या पोटातला पत्रा तांबूस व्हायला लागला. त्यानं झटकन बटण बंद केलं.

आता एखादा म्हणाला असता, डावा व्हॉल्व गेला, नवा टाका, झालं. दत्तरावनं दोन्हींची अदलाबदल केली. उजवीकडचा चांगला व्हॉल्व डावीकडं. पुन्हा बल्ब पेटायला लागला, आता हा चांगला व्हॉल्वही तांबूस. म्हणजे दोष व्हॉल्वात नव्हता. तो ज्या घरात बसतो त्या घरात होता. आधीचा व्हॉल्व तिथं दिवसेंदिवस भाजून निघाला होता आणि त्या संध्याकाळी त्याचा दम संपला होता. आवाज दबत आला होता तो त्यामुळंच. कान पिळण्याचा आणि त्याचा काहीएक संबंध नव्हता. येडबानं कान पिळला नसता तर दुसऱ्या दिवशी तबकडी बदलताना आबासाहेबांच्या हातून ते जळालं असतं.

हे दत्तरावला तिथंच कळलं. पण कामाची सवय मोठी, हात थांबले नाहीत.

कंडेन्सरची एक तार सोडवून त्यानं पाहिलं. जिथं काडीची वीज यायला नको तिथं मीटरचा काटा तरीही चढत होता. म्हणजे कंडेन्सर बरा. वीज आता यायची तर घरातूनच येत असणार. व्हॉल्वचं घर म्हणजे काळ्या बेकलाइटची रुपयाएवढी चकती, तिला आठ भोकं. खालून पाहिलं, स्वच्छ. त्यानं कागदावर तारांचं चित्र काढलं, आठही टाके सोडवले आणि घर बाहेर काढलं. वरच्या बाजूनं उजेडात धरलं.

दोन भोकांच्या मधे केसाएवढी काळी रेघ होती. बेकलाइट जळत जळत गेल्याची रेघ. आणि रेघेच्या तोंडाशी तपकिरी, चिकट खपली. त्यानं ती नखानं काढली. आधी वाटलं, गंज. बोटावर थुंकी लावून चोळली, तर बोट लाल झालं. वास घेतला. करपलेल्या पाकाचा वास.

उघडलेल्या सेटांत त्यानं आजवर काय काय पाहिलं होतं. पाल पाहिली होती, उंदराची लेंडी पाहिली होती, एकदा गांधीलमाशीचं घरटं पाहिलं होतं. कुंकू पहिल्यांदाच.

आबासाहेबांच्या घरी पुजलं असेल, असं त्याला वाटलं. खरं तर वाटलं नाही, वाटावं असं त्याला वाटलं. मग त्यानं झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला त्याच्याच अक्षरात शिसपेन्सिलीनं लिहिलेलं होतं: 'खांडेनवमी. दोन्ही मोठे व्हॉल्व नवे.'

सगळं डोळ्यांपुढं आलं. मशीन व्हॉल्व बदलायला दुकानात आलेलं, झाकण काढलेलं, जुने व्हॉल्व उपसून ठेवलेले, घरं वर तोंड करून उघडी. पकडी, पेचकस, टाके द्यायचा कैय्या, सगळे सेट ओळीनं मांडलेले. मनकर्णाबाई, म्हणजे त्याची बायको, ताट घेऊन आलेली. त्यानं नारळ फोडला, ओल्या बोटांनी सगळ्यांना हळदकुंकू लावलं, आणि नारळाचं पाणी सगळ्यांवर शिंपडलं. ती म्हणाली होती, "बास की आता." आणि तो हसून म्हणाला होता, "ह्यालाबी दे थोडं. लय मोठा पाव्हना हाय." आणि मशीनवर त्यानं ओंजळीतलं उरलेलं सगळं शिंपडलं होतं. वरून फडक्यानं पुसलं होतं. भोकात गेलेलं कोण पुसतो? नारळाच्या पाण्यात मीठ असतं, गोडी असते. ती तिथं सुकली, आणि रोज संध्याकाळी मशीन तापलं की थोडी थोडी करपत गेली. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत.

घरी जाऊन त्यानं मनकर्णाबाईला ती चकती दाखवली. तिला आधी पटेना. "देवाचं पानी कसं बाधंल वो?"

"देवाचं खरं. पर पानीच की ते."

तिनं चकती उलटीसुलटी करून बघितली. मग तिला भाऊ आठवला. "मंग येडबाभाऊनं काय केलं?"

"काय न्हाई केलं."

"मंग जावा की आबासाहेबाकडं! बसलात कामून?"

दत्तराव म्हणाला, "मशीन चालू तर होऊ दे. चालू मशीन घेऊन जातो अन् सांगतो." ऐकायला हे ठीकच वाटत होतं. एका मोडक्या सेटातून त्यानं तसलंच एक घर काढून बसवलंही. पण भाजलेला व्हॉल्व नवा पाहिजे होता, आणि तो हैदराबादेशिवाय मिळत नव्हता. पूर्णा जंक्शनचा एक गार्ड असल्या वस्तू आणून द्यायचा. पूर्णेला जायला यष्टी पाहिजे. ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. आज इथं मोर्चा, उद्या तिथं बंद, परवा कुठं गाडीची काच फुटली म्हणून यष्टी डेपोतच उभी. एक दिवस गेला, दोन गेले. दत्तराव रोज थांब्याकडं बघायचा आणि म्हणायचा, बघ, यष्टी न्हाई, मी काय करू? सायकल दाराला टेकलेली होती. आबासाहेबांचं गाव दोन कोसांवर होतं. तिथं जायला यष्टी लागत नाही, हे मनकर्णाबाईलाही ठाऊक होतं आणि त्यालाही. खरी गोष्ट एवढीच की त्याला लाज वाटत होती, आणि दुकानाच्या नावाची भीती वाटत होती. दत्तरावच्या हातानं मशीन मेलं, हे एकदा पसरलं की पुसता येत नाही.

पाचव्या दिवशी बाजार होता. मनकर्णाबाईला येडबाची बायको भिवराबाई भेटली. घरी आल्यावर मनकर्णाबाईनं पिशवी खाली ठेवली आणि उभ्याउभ्या सांगितलं, "तीन विहिरींवरून हाकललं. आबासाहेबानं उठवलेला मानूस म्हनल्यावर कोन बसू देतंय? आता नदीच्या डबक्यावर हायत. दोन कोकरं गेली वाटंत. वयनी रडली न्हाई. मी रडले." आणि ती चुलीकडं निघून गेली.

दत्तरावनं चकती कागदात गुंडाळली, सायकल काढली आणि भर उन्हात आबासाहेबांचं गाव गाठलं. ओसरीवर आबासाहेब एकटेच होते. त्यानं चकती पुढं ठेवली आणि अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. रेघ दाखवली. खपली दाखवली.

आबासाहेबांनी चकतीला हातही लावला नाही. "नारळाच्या पान्यानं मशीन मरतंय म्हन! दत्तराव, ह्या घरात नांगराला नारळ फुटतो, मोटंला फुटला, इंजनाला फुटतो. इंजन मेलं का कधी?"

"इंजनाला चालतंय आबासाहेब. ह्याला चालत न्हाई."

"त्या दिशी तर तू म्हनलास, ताण येतो. चार मानसांत म्हनलास."

"चुकलं माझं."

"चुकलं न्हाई. येडबा तुझा कोन?"

"मेव्हना."

"मंग झालं की," आबासाहेब म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या लेखी तकरार मिटली होती. मिस्तरी खोटं बोलतो असं त्यांना वाटलं नाही, मेहुण्यासाठी माणूस असं बोलणारच, असं वाटलं. त्यात त्यांना वावगंही काही दिसलं नाही.

दत्तराव आयुष्यात कधी आबासाहेबांपुढं आवाज चढवून बोलला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. एवढंच म्हणाला, "व्हॉल्व आला की मशीन हितं आनतो. येडबाला बोलवा. त्याच्याच हातानं, तोच कान, एवढासा न्हाई, पुरा पिळायचा. तबकडीची एक बाजू सरेपर्यंत. मशीन जळालं तर भोंगा काढतो दाराचा. पुन्हा पेचकस हातात धरनार न्हाई."

आबासाहेबांनी एक डोळा उघडला. "त्याच त्या मानसांपुढं?"

"त्याच मानसांपुढं."

यष्टी सुरू झाली, व्हॉल्व आला. दत्तरावनं बल्बावर मशीन दोन दिवस चालवलं, काटा आठ वेळा बघितला. मग बैलगाडीत घालून नेलं. ओसरी भरली होती. आबासाहेबांनी नदीवर माणूस धाडला होता. येडबा आला आणि पायरीखाली उन्हातच उभा राहिला. ऊन लागून त्याचे ओठ फुटले होते.

व्हॉल्व तापले. सनई सुरू झाली. दत्तरावनं पेटीचं झाकण काढून ठेवलं होतं, आतलं सगळ्यांना दिसावं म्हणून. तो म्हणाला, "येडबा, ये वर. कान पिळ."

येडबा हलेना. "न्हाई बा दाजी. म्या हात लावत न्हाई त्याला."

"मी सांगतो. पिळ."

येडबानं धोतराला हात पुसला, वर आला आणि कान धरला. चिमटीभर पिळला. थांबला. दत्तराव म्हणाला, "अजून." मग आणखी. "पुरा." कान शेवटाला टेकला. काय आवाज झाला म्हणता! खिडकीची तावदानं थरथरली, माळवदावरची कबुतरं उडाली, गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं आणि गडी तिच्यामागं धावले. माणसांनी कानांवर हात धरले. येडबाला हात काढ असं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो कान धरूनच उभा होता, डोळे घट्ट मिटून. दत्तराव व्हॉल्वाकडं बघत होता. पोटातला पत्रा काळाच्या काळा. आबासाहेबही गुडघा चोळत पुढं वाकले होते आणि तिकडंच बघत होते. अशी ती बाजू पुरी झाली. सुई करकर करायला लागली.

दत्तरावनं कान खाली केला आणि सगळ्यांकडं तोंड करून म्हणाला, "पानी म्या शिंपडलं. मशीन म्या मारलं. येडबाचा त्यात वाटा न्हाई."

कुणीतरी खाकरलं. चूक झाली हा शब्द त्या घरात वापरात नव्हता. आबासाहेब म्हणाले, "येडबा, हाळ भरून ठिवलाय. मेंढरं आन." आणि मग, "वर बसत जा. पायरीला ऊन लागतंय."

दत्तराव सायकल हातात धरून गावाबाहेर निघाला. येडबा बरोबर होता, त्याला नदीकडं वळायचं होतं. दत्तरावचं मन हलकं झालं होतं. खरं सांगायचं तर त्याला थोडा अभिमानही वाटत होता, चारचौघांत आपली चूक कबूल केल्याचा. येडबा काहीतरी चांगलं बोलेल अशी त्याची अपेक्षा होती.

वळणावर येडबा थांबला. काठी खांद्यावर आडवी घेतली.

"दाजी, एक इचारू?"

"इचार की."

"लोक म्हनत्यात, डबा उघडल्याबिगर तुमी बोलत न्हाई."

"हाव. न्हाई बोलत."

"कुनाचा बी डबा असू दे?"

"कुनाचा बी."

येडबानं मान हलवली. रागानं नव्हे, समजून घ्यायला विचारावं तसं त्यानं विचारलं, "मंग माझ्याच वक्ताला कामून बोललात?"

उत्तरासाठी तो थांबला नाही. दिवस मावळायच्या आत मेंढरं पाण्यावर आणायची होती.